मुलीला कसं सांगू? दसरा, झेंडूचा वास आणि २९ सप्टेंबर २०१७

डोंबिवलीची_आई, १४ सप्टेंबर २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे, तिसरीत. परवा तिने विचारलं, "आई, दसऱ्याला सगळ्यांच्या दाराला खऱ्या झेंडूचं तोरण असतं, आपल्याकडेच कापडाचं का?" मी म्हटलं, खरी फुलं सुकतात गं. तर म्हणाली, "गणपतीत शेवंती आणलीस, जास्वंद आणलंस. झेंडूच नाही आणत तू." मी भाजी परतत होते, परततच राहिले. ती उत्तरासाठी थोडा वेळ उभी राहिली आणि मग गेली.

२९ सप्टेंबर २०१७ ला मी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर होते. शुक्रवार होता, खंडेनवमी. बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू होऊन मला पंधराच दिवस झाले होते. ऑफिसात पूजा होती म्हणून साडी नेसले होते. स्लो लोकलने परळला उतरायचं, पुलावरून एल्फिन्स्टनच्या बाजूला जायचं, खाली उतरलं की ऑफिस दहा मिनिटांवर. सकाळचे साडेदहा वाजत आले होते आणि पाऊस अचानक जोरात आला. ज्यांच्याकडे छत्री नव्हती ते जिन्यावरच थांबले, मागून गाड्यांची माणसं येतच राहिली.

आधी नेहमीची गर्दी वाटली. डोंबिवलीच्या माणसाला गर्दीचं काय? मग लक्षात आलं की माझे पाय पायरीवर नाहीत. माझ्या पुढे एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या, त्यांच्या हातात झेंडूची मोठी पिशवी होती. ती फुटली. चिरडलेल्या झेंडूचा वास किती उग्र असतो ते मला तोवर माहीत नव्हतं. छातीवर इतका दाब होता की श्वास बाहेर गेला तो आत येईना. आणि त्याच वेळी मला पान्हा फुटला. ब्लाऊज भिजला. घरी बाळाची दुधाची वेळ झाली आहे, डोक्यात तेवढंच होतं. त्या बाईंनी माझं मनगट धरलं होतं. ते कधी सुटलं ते मला आठवत नाही. कुणीतरी बाजूच्या कठड्यावरून मला ओढून काढलं, त्याचा चेहराही मी पाहिलेला नाही.

त्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मला बरगड्यांना मुका मार बसला होता. केईएममध्ये तपासलं आणि रात्री घरी सोडलं. सगळे म्हणाले, देवाने वाचवलं. वाचवलंच.

नंतर बातम्यांत आलं की कुणीतरी "फूल गिर गया" असं ओरडलं आणि लोकांना "पूल गिर गया" असं ऐकू आलं. मी स्वतः ते ऐकलं की नाही, सांगता येणार नाही. पण ती बातमी वाचल्यापासून झेंडू आणि तो जिना माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसलेत.

घरी आल्यावर सासूबाईंनी बाळाला माझ्याकडे दिलं. मी तिला छातीशी धरलं आणि तिचा इवलासा भार छातीवर आला तसा माझा श्वास कोंडला. साडेसहा महिन्यांचं बाळ. मी तिला गादीवर ठेवलं, जवळजवळ टाकलंच म्हणा. चार दिवसांत दूध आटलं. तेव्हापासून आजतागायत ती पळत येऊन बिलगली की माझं अंग लाकडासारखं होतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवते, पापे घेते, तिला शेजारी घेऊन झोपते. पण छातीशी घट्ट धरत नाही. तिला हे कळतं. मावशी आली की ती मावशीच्या मिठीतून निघतच नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. नोकरी सोडली, आता इथल्याच एका पतसंस्थेत आहे, निम्म्याहून कमी पगारावर. लोकल टाळते, नाइलाजच झाला तर सकाळी सहाच्या आत. सिनेमाला गेले की दाराजवळची खुर्ची. जिन्यावर मागे कुणी असेल तर बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देते. पाऊस एकदम वाढला की कानात दडा बसल्यासारखं होतं आणि मी तिथेच असते. आठवते असं नाही, असतेच. पहिली दोन वर्षं सगळे म्हणत होते, धसका घेतलाय, जाईल हळूहळू. सासूबाईंनी नजर काढली. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या वर्षभर घेतल्या. २०१९ मध्ये ठाण्यातल्या एका मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्यांदा पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, हा शब्द उच्चारला. नवरा म्हणाला, "ते सैनिकांना होतं ना?" वाईट हेतूने नाही म्हणाला, मलाही तसंच वाटायचं. अकरा वेळा थेरपीला गेले, बरं वाटायला लागलं होतं. मग मार्च २०२० उजाडला आणि सगळंच बंद झालं. पुन्हा गेले नाही.

मला विचारायचं आहे ते एवढंच. मुलीला सांगायचं का? आणि सांगायचं तर कसं? ती घाबरेल का? ट्रेन, जिना, गर्दी, हे सगळं तिला आयुष्यभर वापरायचं आहे. माझी भीती मला तिच्या अंगात घालायची नाही. ज्यांनी आपल्या मुलांना असं काही सांगितलं असेल त्यांनी कृपया लिहा.

सास्तूरचा_पोरगा, १५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

ताई, मी दुसऱ्या बाजूचा आहे. ज्याला सांगितलं नाही तो मुलगा.

आमचं गाव सास्तूर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. आप्पा वाचले, कारण उकडतंय म्हणून ते अंगणात बाज टाकून झोपले होते. माझी आजी आणि दोन आत्या आत होत्या.

माझा जन्म त्यानंतरचा, नव्या गावातला. आप्पा कधीच छताखाली झोपले नाहीत. थंडी असो, पाऊस असो, ओसरीच्या कडेला बाज, वर ताडपत्री. रात्री ट्रक गेला की उठून उभे. आम्हाला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे भूकंप झाला हे गावातल्या सगळ्यांनाच ठाऊक, पण आप्पांचं बाहेर झोपणं भूकंपामुळे आहे हे मला कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, त्यांना आमच्यात राहायचं नाही. आई आणि आम्ही तिघं आत, आणि ते एकटे बाहेर. मी नववीत असताना रागाच्या भरात त्यांना तसं बोललो. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी आत येऊन झोपले. झोपले कसले, रात्रभर भिंतीकडं बघत बसले होते. मी पाहिलं.

मग आईनं सांगितलं. पहाटेपासून दुपारपर्यंत ते हातानं माती उकरत होते. आजीचा आवाज बराच वेळ येत होता.

मला सहाव्या वर्षी कुणी एवढंच सांगितलं असतं की आप्पाला छताची भीती वाटते, तुझा राग नाही आला, तर मला पुरलं असतं. बाकीचं नंतर कळलं असतं तरी चाललं असतं. तुमच्या लेकीनं झेंडूचं विचारलंय, पण मला वाटतं तिला मिठीचं विचारायचंय.

प्रभाकर_पुणे, १५ सप्टेंबर, सकाळी ९.२५

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी ७१ वर्षांचा आहे, वडीलकीच्या नात्याने सांगतो. आठ वर्षं झाली. जे झालं त्याला धरून बसू नये. रोज पहाटे प्राणायाम करा, रामरक्षा म्हणा, मन खंबीर होईल. आणि मुलीला हे सांगू नका. लहान वयात मनावर ओरखडा उमटतो. दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधा, दोन मिनिटं त्रास होईल, मग भीती मोडेल. माझी पोहण्याची भीती माझ्या वडिलांनी विहिरीत ढकलून मोडली होती.

समुपदेशक_ठाणे, १५ सप्टेंबर, दुपारी २.०५

मी आघातानंतरच्या उपचारांचं काम करते. इथून निदान किंवा उपचार करता येत नाहीत, पण काही गोष्टी नक्की सांगता येतील.

आधी प्रभाकरकाकांच्या सल्ल्याबद्दल. श्वास आणि स्तोत्र याने फायदा होतो, बाहेर जाणारा श्वास लांबला की शरीर शांत व्हायला मदत होते. पण झेंडूचं तोरण एकदम दारात बांधू नका. टाळलेल्या गोष्टीला हळूहळू सामोरं जाणं हा उपचाराचा भाग आहेच, पण ते पायरीपायरीने, तुमच्या मर्जीने आणि थांबायची मुभा ठेवून करायचं असतं. ढकललं गेल्यामुळेच ज्या माणसाला त्रास आहे, त्याला पुन्हा ढकलून बरं करता येत नाही.

"आठवते असं नाही, असतेच" हे तुम्ही लिहिलंत ना, ते वाचून थांबले. हेच या आजाराचं मर्म आहे. साध्या आठवणीवर 'हे होऊन गेलं' असा शिक्का असतो. आघाताच्या आठवणीवर तो नीट बसलेला नसतो, म्हणून वास, आवाज, छातीवरचा भार असे तुकडे सुटे राहतात आणि त्यातला एक जरी समोर आला तरी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. तुमच्या बाबतीत बाळाला छातीशी धरणं आणि जिन्यावरचा दाब हे शरीराला सारखंच वाटलं. त्यात तुमच्या मायेचा संबंध नाही. हे मी पुन्हा लिहिते, मायेचा संबंध नाही.

सैनिकांचं म्हणाल तर तो समज का झाला हे समजण्यासारखं आहे. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत हे नाव आलं, तेव्हा व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची चर्चा होती. पण अपघात, आग, पूर, बलात्कार, घरातली मारहाण, कठीण बाळंतपण यातून गेलेल्या साध्या माणसांनाही हा होतो. ज्यांच्यावर असा प्रसंग येतो त्यातले बहुतेक काही आठवड्यांत, महिन्यांत सावरतात. काहींचं शरीर सावरत नाही. तो मनाचा कच्चेपणा नव्हे.

आता मुलगी. सांगा. आठ वर्षांच्या मुलाला आईचं अंग आखडतं हे दिसत असतं, आणि कारण मिळालं नाही की मूल कारण स्वतःत शोधतं. वरच्या भावाने ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. सांगताना तुम्ही शांत असाल असा दिवस निवडा, २९ तारखेच्या आसपासचा नको, कारण दरवर्षी त्या तारखेला त्रास वाढतो. दोघींचे हात कामात असतील तर उत्तम, समोरासमोर बसून गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मुलं घाबरतात. चार-पाच वाक्यं पुरेत. काय झालं, तुम्हाला काय होतं, ते तिच्यामुळे नाही, तुम्ही त्यावर काय करता आहात. माणसं गेली हे खोटं सांगू नका, पण ती कशी गेली याचे तपशील नकोत. मग गप्प बसा आणि तिला विचारू द्या. ती लगेच खेळायला पळाली तर तेही ठीक.

मिठीसाठी दोघींनी मिळून एक पद्धत ठरवा. ती आधी सांगेल, तुम्ही हो म्हणाल, आणि शेजारून, कुशीवरून धरून सुरुवात होईल. सोडायचं कधी ते तुमच्या हातात.

आणि उपचार परत सुरू करा. आघातावर केंद्रित थेरपी किंवा ईएमडीआर, म्हणजे आठवणीसोबत डोळ्यांच्या हालचाली वापरून करतात ती पद्धत, यांचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. आठ वर्षांनंतरही होतो. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते आणि या आजाराच्या मुळाशी त्या पोचत नाहीत. त्या अजून चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

बोरिवली_स्लो, १५ सप्टेंबर, रात्री १०.५०

मी ११ जुलै २००६ ला माहीमला होतो. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले त्यातल्या एका गाडीत, शेजारच्या डब्यात. एका कानाला कमी ऐकू येतं. बाकी काही झालं नाही असं मी एकोणीस वर्षं सांगत आलोय.

मी मुलाला सांगितलं नव्हतं. या वर्षी २१ जुलैला उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि सगळ्या वाहिन्यांवर पुन्हा तेच फाटलेले डबे. मी टीव्हीसमोरून उठून न्हाणीघरात जाऊन बसलो, नळ सोडून. मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याने दारातून विचारलं, "बाबा, तुम्ही त्या गाडीत होता का?" त्याने ते स्वतःच जुळवलं होतं. मी हो म्हटलं. तो दाराबाहेर बसून राहिला, मी आत. अर्धा तास आम्ही दाराच्या दोन बाजूंना बसून बोललो. दार उघडं असतं तर मला जमलं नसतं.

तुमचं मनगटाचं वाचलं. माझ्याही बाबतीत एक माणूस आहे, त्याने मला पाणी मागितलं होतं. एवढंच लिहितो.

डोंबिवलीची_आई, १६ सप्टेंबर, रात्री १२.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. सास्तूरच्या दादा, तुमचं वाचून मी खूप रडले. नवऱ्यालाही वाचायला दिलं. त्याने वाचलं, फोन परत दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

प्रभाकरकाका, तुम्ही आपलेपणाने लिहिलंत ते पोचलं. रामरक्षा मी रोज म्हणते, तिने झोप लागते. पण विहिरीसारखं एकदा झालंय माझं. २०१८ मध्ये भावाने "एकदा जाऊन ये म्हणजे भीती मोडेल" म्हणून मला त्या स्टेशनला नेलं. सैन्याने बांधलेला नवा पूल तेव्हा सुरू झाला होता. मी दोन पायऱ्या चढले आणि शुद्ध गेली. त्यानंतर सहा महिने घराच्या जिन्यावरूनही मला एकटीला उतरता येत नव्हतं.

बोरिवलीच्या दादा, त्या पाणी मागणाऱ्या माणसाबद्दल कधी लिहावंसं वाटलं तर लिहा. मी वाचेन. मला अजून त्या बाईंच्या बांगड्यांचा रंग आठवतो, हिरव्या होत्या. त्या गेल्या की वाचल्या हे मी आजवर शोधलं नाही. वर्तमानपत्रात फोटो आले होते, ते पान मी दुमडून ठेवून दिलं, उघडलं नाही.

प्रभाकर_पुणे, १६ सप्टेंबर, सकाळी ६.३०

ताई, विहिरीचं मी लिहायला नको होतं. क्षमा असावी. सास्तूरच्या मुलाने लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्या पत्नीला १९८४ पासून बंद खोलीचा त्रास होता, ती दार लावू द्यायची नाही. मी फार रागवायचो. कारण कधी विचारलं नाही. आता ती नाही.

डोंबिवलीची_आई, ४ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ५.२०

पुढे काय झालं ते कळवायचं राहिलं होतं.

सांगितलं. २१ तारखेला, सर्वपित्रीच्या दिवशी दुपारी. आम्ही दोघी गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो. मी म्हटलं, तू बाळ होतीस तेव्हा मी एका जिन्यावर खूप गर्दीत अडकले होते. श्वास घेता येत नव्हता. तिथे झेंडूची फुलं चिरडली होती. काही माणसं त्यात गेली, मला एका माणसाने वाचवलं. तेव्हापासून झेंडूचा वास आला किंवा छातीवर भार आला की माझ्या अंगाला वाटतं मी परत तिथेच आहे. तुझ्यामुळे नाही. तू जवळ आलेली मला फार आवडतेस.

ती शेंगा मोडत राहिली. मग विचारलं, "तेव्हा मी कुठे होते?" घरी, आजीजवळ. "मला भूक लागली होती?" हो. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी जाड आहे म्हणून नाही?"

तिच्या वर्गात एक मुलगी तिला जाड म्हणते. आईला माझा भार सोसत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मिठीची पद्धत तिनेच ठरवली. ती "येऊ?" असं विचारते, मी "ये" म्हणते, आणि ती डाव्या बाजूने येते. उजवीकडून नाही, तिकडच्या बरगड्या दुखायच्या हे मी सांगितलं होतं. दहापर्यंत मोजतो. तीन दिवशी मला "आत्ता नको" म्हणावं लागलं. ती "बरं" म्हणाली आणि चित्र काढायला गेली. सासूबाईंना आधी हे आवडलं नाही, आईला मिठी मारायला परवानगी कसली म्हणाल्या. आता त्याही मागून हात लावायच्या आधी "मी आहे गं" म्हणतात.

२९ तारीख वाईट गेली. ते लपवत नाही. पाऊसही होता. रजा टाकून घरीच होते, दुपारी दोनपर्यंत अंथरुणात.

दसऱ्याला आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण केलं, शेजारच्या काकूंनी त्यांच्या गावाहून लोंब्या आणल्या होत्या. मुलीने हट्ट केला की एकच झेंडू आणूया, एकच, आणि तो गॅलरीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवूया, तू स्वयंपाकघरातून बघ. समुपदेशकताई, तुम्ही पायरीपायरीने, थांबायची मुभा ठेवून करा म्हणाला होतात, तसंच केलं, आणि नवरा घरात असतानाच केलं. ओट्याशी उभं राहून मी त्या फुलाकडे बघितलं. वास तिथवर येत नव्हता. तरी तळहाताला घाम आला. मुलगी मधे उभी राहून मोठ्याने मिनिटं सांगत होती. चौथ्या मिनिटाला मी बस म्हटलं आणि तिने फूल उचलून काकूंना नेऊन दिलं.

जुन्या डॉक्टरांचा फोन लागला. ते आता ठाण्यात दुसरीकडे बसतात, त्यांच्याकडे आघातावरच्या थेरपीसाठी एक नवीन ताई आहेत. पहिली वेळ १४ तारखेची मिळाली आहे, सकाळी अकराची. त्या वेळेला लोकलला गर्दी असते, पण रिक्षाने जायचं तर येऊन-जाऊन बरेच पैसे होतात. नवरा सोबत येतो म्हणालाय. कसं जायचं ते अजून ठरलेलं नाही.